सुट्टी मुलांची, रजा आपली: नोकरदार आईवडिलांनी सुट्टीचे दिवस कसे आखावेत

मराठीत सुट्टी आणि रजा हे दोन वेगळे शब्द आहेत. नोकरी सांभाळून मुलांची पहिली मोठी सुट्टी निभावायला निघालेल्या आईवडिलांनी या दोन शब्दांमधले अंतर आधीच समजून घेतले, तर पुढची बरीच ओढाताण टळते. सुट्टी शाळेला लागते. ती आपोआप येते, आठवडेच्या आठवडे चालते आणि तिच्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. रजा मात्र मागावी लागते, ती खात्यावर मोजून जमा असते आणि घेतली की कमी होते. या दोहोंच्या जोडीला सवड हा तिसरा शब्द येतो. स्वतःसाठीचा मोकळा वेळ सुट्टी लागली म्हणून मिळत नाही आणि रजा टाकली म्हणूनही मिळत नाही. तो वेगळा काढावा लागतो. माझे मूल शाळेत जाऊ लागल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत मी हे तिन्ही एकच धरून चालले होते. सगळी रजा पहिल्या दहा दिवसांत नातेवाइकांकडे खर्ची पडली आणि उरलेले महिनाभर रोज सकाळी आज मुलाला कोणाकडे ठेवायचे हाच प्रश्न समोर उभा राहिला. त्या सुट्टीनंतर मी जी पद्धत हळूहळू बसवली, ती इथे क्रमाने मांडते आहे.

पहिली पायरी: दिवस मोजा

कोणालाही कसलाही शब्द देण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर सुट्टीचे सगळे दिवस ओळीने मांडावेत. मोबाइलमधले कॅलेंडर आठवणी द्यायला उपयोगी आहे, पण अख्खी सुट्टी एका नजरेत दिसण्यासाठी कागदच हवा, आणि तो घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेला हवा. प्रत्येक दिवसासमोर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायचे: या दिवशी मूल कोणाजवळ असेल?

समजा, शाळेला ४५ दिवस सुट्टी आहे आणि साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्यावर त्यात कामाचे ३२ दिवस येतात. आई आणि वडील यांच्या खात्यावर प्रत्येकी ८ दिवसांची रजा आहे. दोघांनी सगळी रजा एकत्र घेतली, तर ८ दिवस झाकले जातात आणि २४ उघडे राहतात. दोघांनी ती वेगवेगळ्या वेळी घेतली, तर १६ दिवस झाकले जातात आणि १६ उघडे राहतात, पण मग साप्ताहिक सुट्ट्या सोडल्या तर सगळे कुटुंब मिळून एकही दिवस सहलीला जाऊ शकत नाही. बहुतेक घरांना मधला मार्ग मानवतो: ३ दिवस एकत्र आणि बाकीचे ५-५ वेगवेगळे. त्यात १३ दिवस झाकले जातात आणि १९ उरतात. हा १९चा आकडा पहिल्यांदा समोर आला की छाती दडपते, हे मी जाणते. तरीही तो सुट्टी लागण्यापूर्वी दोन महिने दिसलेला बरा, कारण तेव्हा त्यावर काही करता येते.

हे गणित जुळत नाही यात आपला काही दोष आहे असे नव्या आईवडिलांनी मुळीच मानू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७०च्या पगारी रजेविषयीच्या करारात वर्षाला किमान तीन आठवडे रजा हे प्रमाण धरलेले आहे, आणि शाळांच्या वर्षभरातल्या सुट्ट्या त्याहून कितीतरी अधिक असतात. नोकरीचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक एकमेकांकडे पाहून आखलेले नाही. मधली फट तिथेच आहे, आणि ती प्रत्येक घराला आपापल्या परीने भरावी लागते.

उरलेले दिवस भरण्याचे मार्ग मोजकेच आहेत: आजीआजोबा किंवा जवळचे नातेवाईक, सुट्टीतले शिबिर, पाळणाघर, घरून काम करण्याची मुभा, आणि ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांनी आळीपाळीने एकमेकांची मुले सांभाळणे. यातला शेवटचा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटत आला आहे. चार कुटुंबांनी आठवड्यातला एकेक दिवस वाटून घेतला, तर प्रत्येकाला एका दिवसाच्या बदल्यात तीन दिवस मोकळे मिळतात, आणि मुलांना सवंगडी मिळतात ते वेगळेच. मात्र वेळ, जेवणखाण, औषधे, ॲलर्जी, पडद्यासमोर बसण्याची मर्यादा आणि अडीनडीला फोन कोणाला करायचा, हे सगळे आधी लिहून घ्यावे. मैत्री आहे म्हणून या गोष्टी बोलायच्या राहिल्या, की पुढे मैत्रीलाच तडा जातो.

आणखी एक सूचना इथेच करते. खात्यावरची सगळी रजा कागदावर भरून टाकू नये. बेरजेत आपण हातचा धरतो, तसे दोन दिवस हातचे ठेवावेत. सुट्टीत मूल आजारी पडते, शिबिर अचानक बंद होते, आजोबांची तब्येत बिघडते, आणि हातचे दिवस नसले की बाकीचे सगळे नियोजन कोसळते.

दुसरी पायरी: सवड आधी लिहा

दिवस मोजून झाले की आपण लगेच नातेवाईक, समारंभ आणि प्रवास लिहायला घेतो आणि स्वतःसाठी शेवटी काय उरेल ते पाहू म्हणतो. शेवटी काहीच उरत नाही. म्हणून पाहुण्यांची आणि समारंभांची नावे कागदावर येण्याआधी आई आणि वडील या दोघांनी आपापली सवड त्यावर लिहावी. ती फार मोठी असण्याची गरज नाही. आठवड्यातून दोनदा दीड-दोन तास, आणि सगळ्या सुट्टीत मिळून एक पूर्ण दिवस, इतक्यापासून सुरुवात करता येते.

ही वेळ लिहिताना तिला नाव द्यावे. ‘माझा वेळ’ असे मोघम लिहिलेले कोणीही खोडते, स्वतः आपणसुद्धा. ‘गुरुवार, संध्याकाळी ६ ते ८, वाचनालय’ असे लिहिले की ते एक ठरलेले काम होते आणि घरातले त्याचा मान राखतात. शक्यतो ही वेळ घराबाहेर घालवावी, कारण घरात आपण खोलीचे दार लावून बसलो तरी कान बाहेरच असतात, आणि मुलांनाही आई किंवा बाबा आत असताना हाक मारू नये हे जमत नाही, तशी अपेक्षाही धरू नये.

या वेळेत नेमके काय करावे याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. विसावा म्हणजे झोप काढणे किंवा सोफ्यावर पडून मोबाइल चाळणे असे आपण धरतो आणि दोन तासांनी उठतो तेव्हा थकवा तसाच असतो. सबिने झोननटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधक मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कामानंतरच्या विसाव्याची चार अंगे मांडली: कामाचा विचार मनातून दूर होणे, शरीर आणि मन सैल पडणे, काहीतरी नवे जमल्याचा अनुभव येणे, आणि आपला वेळ कसा घालवायचा हे स्वतः ठरवता येणे. सुट्टीत कामावरून घरी राहिलेल्या आईवडिलांना यातले चौथे अंग जवळजवळ कधीच लाभत नाही. नातेवाइकांकडे आठवडाभर राहून आलेली व्यक्ती कामापासून दूर असते, गप्पांमध्ये रमलेली असते, तरीही परतल्यावर दमलेली का असते, याचे कारण इथे सापडते: उठायचे कधी, जेवायचे कधी, बाहेर पडायचे कधी, यातले काहीच त्या आठवड्यात तिच्या हाती नसते. म्हणून स्वतःच्या दोन तासांत काय करायचे हे कोणालाही न विचारता ठरवावे आणि परतल्यावर त्याचा हिशेब देऊ नये. कोणी पोहायला जाईल, कोणी वाद्य घेऊन बसेल, कोणी एकटे चालून येईल. बाजारहाट, बँकेतली कामे आणि कपड्यांच्या घड्या मात्र या वेळेत घुसू देऊ नयेत.

आपण मुलांना सोडून स्वतःसाठी वेळ घेतो आहोत, ही टोचणी सुरुवातीला लागतेच. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २४वे कलम प्रत्येकाचा विश्रांतीचा आणि मोकळ्या वेळेचा हक्क मान्य करते, आणि १९८९च्या बालहक्क करारातील ३१वे कलम मुलांचाही तोच हक्क मान्य करते. मला या दोन कलमांचा आधार वाटतो. एकाच्या विश्रांतीपायी दुसऱ्याने आपली सोडावी, असे त्यांत कुठेही म्हटलेले नाही.

तिसरी पायरी: मागण्यांची तीन भागांत वाटणी

आता नातेवाईक, मित्रमंडळी, समारंभ आणि मुलांच्या इच्छा यांची यादी करावी. जे जे आठवेल ते सगळे लिहून काढावे, आणि मग प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका भागात घालावी: जायलाच हवे, जमले तर जावे, आणि केवळ भिडेखातर होकार दिला जातो. पहिल्या भागात थकलेले आईवडील, अगदी जवळच्या माणसाचे कार्य, आणि मुलाने वर्षभर मनात धरलेली एखादी गोष्ट असते. तिसऱ्या भागात काय काय येते हे प्रत्येकाचे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तो भाग आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ मोठा निघतो.

भिडेच्या होकारांना नकार देणे हे नवख्या आईवडिलांना सगळ्यांत अवघड जाते, म्हणून शब्द आधी तयार ठेवावेत. वडीलधाऱ्या व्यक्तीला असे सांगता येते: “आत्या, या वेळी मुक्कामाला जमणार नाही, रजा तेवढी शिल्लक नाही. पण रविवारी सकाळी येते आणि जेवून संध्याकाळी निघते, चालेल ना तुम्हांला?” यात नकार आहे, खरे कारण आहे आणि पुढचा ठोस दिवसही आहे. “बघू”, “प्रयत्न करते” अशी उत्तरे देऊ नयेत. समोरच्याला तो होकार वाटतो, तो तयारीला लागतो, आणि आयत्या वेळी नकार आला की दुखावतो. एकमेकांच्या माहेरच्या-सासरच्या माणसांशी ज्याने त्याने आपल्या बाजूने बोलावे, हाही नियम पाळावा. सुनेने सासूबाईंना नाही म्हणण्यापेक्षा मुलाने आईला सांगितलेले लवकर पचते.

प्रवासाचे दिवस यादीत वेगळे धरावेत. चार दिवसांची सहल मुलांसह म्हणजे आदला दिवस सामान बांधण्यात आणि नंतरचा दिवस धुणे-आवरण्यात जातो. कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसे सातत्याने कमी धरतात, हे डॅनियल काहनेमन आणि ॲमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडले होते, आणि मुलांना घेऊन प्रवास केलेल्या कोणालाही ते पटेल.

चौथी पायरी: कामे वाटताना आठवण ठेवण्याचे कामही वाटा

घरात दोघे कमावते असले, तरी सुट्टीतले बरेचसे काम एकाच्या डोक्यात साठलेले असते. शिबिराचा अर्ज कधी भरायचा, कोणाच्या वाढदिवसाला काय न्यायचे, औषधाची बाटली संपत आली आहे का, मुलाच्या पोहण्याच्या कपड्यांचे माप अजून बसते का, हे सगळे लक्षात ठेवणे हे कामच आहे. दुसरी व्यक्ती “मला सांग, मी करतो” असे म्हणते तेव्हा तिची मदत खरी असते, पण आठवण ठेवण्याचा भार होता तिथेच राहतो.

म्हणून काम सोपवायचे तर ते टोकापासून टोकापर्यंत सोपवावे. शिबिर ज्याच्याकडे, त्याने चौकशी करायची, अर्ज भरायचा, पैसे भरायचे, डबा आणि कपडे पाहायचे, ने-आण ठरवायची आणि शिबिर रद्द झाले तर पर्यायही त्यानेच शोधायचा. दुसऱ्याने त्यात लक्ष घालायचे नाही, आणि आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने केले म्हणून सुधारायलाही जायचे नाही. हे दुसरे पथ्य पाळणे मला जड गेले, पण ते पाळल्याशिवाय वाटणी टिकत नाही. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना ही वाटणी जोडीदाराशी करता येत नाही. त्यांनी वर सांगितलेल्या आळीपाळीच्या व्यवस्थेत सुरुवातीपासून सामील व्हावे, आणि त्यातला एखादा दिवस कामासाठी न वापरता स्वतःच्या सवडीसाठी राखावा. सात-आठ वर्षांपुढच्या मुलांकडेही एखादे काम संपूर्ण सोपवता येते: झाडांना पाणी घालणे, स्वतःची पिशवी भरणे, लहान भावंडाची पुस्तके सांभाळणे.

पाचवी पायरी: कार्यालयातली कामे मागे ठेवून येणे

रजेवर जाण्याआधीचा आठवडा बहुतेक जण जास्तीचे तास काम करून सगळे संपवण्याच्या धडपडीत घालवतात आणि रजेचे पहिले दोन दिवस थकव्यातून सावरण्यात जातात. सगळे संपवणे शक्य नसते. रॉय बाउमाइस्टर आणि ई. जे. मासिकाम्पो या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की अर्धवट राहिलेले काम मनात घोळत राहते, पण ते कधी आणि कसे पूर्ण करायचे याची नेमकी योजना केली की काम पूर्ण न होताही ते घोळणे कमी होते. त्यामुळे शेवटच्या दिवशी तासभर राखून प्रत्येक अपुऱ्या कामापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ते कुठवर आले आहे, माझ्या मागे कोण पाहणार आहे, आणि परतल्यावर पहिले पाऊल काय असेल. तो कागद सहकाऱ्याला द्यावा आणि त्याची एक प्रत टेबलाच्या खणात ठेवावी.

रजेत फोन पूर्णपणे बंद ठेवणे ज्यांना शक्य आहे त्यांनी तसेच करावे. ज्यांच्या कामात ते शक्य नाही, त्यांनी दिवसातली एकच अर्ध्या तासाची वेळ ठरवून ती वरिष्ठांना आणि घरच्यांनाही सांगावी. दिवसभर थोडे थोडे पाहत राहणे यासारखे वाईट काही नाही. एका रजेत मी असेच करत होते. मुलाने जमिनीवर सापशिडीचा पट मांडला होता आणि मी शेजारी बसून “एक मिनिट, एवढे उत्तर देते” असे म्हणत फोनवर लिहीत होते. मान वर केली तेव्हा तो फासा टाकत होता, एकदा स्वतःसाठी आणि एकदा माझ्यासाठी, आणि माझी पिवळी सोंगटीही तोच सरकवत होता. “तू ४६ वर आहेस,” त्याने मला सांगितले, न रागावता. त्याने माझी वाट पाहणे सोडून दिले होते, हे मला त्या शांत स्वरावरून कळले. त्या दिवसापासून कार्यालयाचा फोन सकाळी अर्धा तास, आणि नंतर तो कपाटात.

घरून काम करण्याची मुभा असेल तर तीही सुट्टीत जपून वापरावी. लहान मूल घरात असताना काम आणि मूल दोन्ही पूर्ण वेळ सांभाळता येत नाहीत. मूल पाच-सहा वर्षांखालचे असेल तर त्या दिवशी घरात दुसरे मोठे माणूस हवेच. मूल त्याहून मोठे असेल, तर दोन तास आपले आणि मग अर्धा तास त्याचा, असे घड्याळ लावून सांगितले की त्याला धीर धरता येतो.

सहावी पायरी: मुलांच्या दिवसाला सैलसर आकार

मुलांचा प्रत्येक तास भरण्याची गरज नाही. सकाळी अंगमेहनतीचा खेळ, दुपारी शांत वेळ, संध्याकाळी बाहेर, एवढे तीन खांब पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी. ती सकाळी झाली तर दुपार निवांत जाते. दुपारच्या शांत वेळेत मूल “कंटाळा आला” म्हणेल, तेव्हा लगेच धावून जाऊ नये. कागद, रंग, जुने खोके, गोष्टींची पुस्तके हाताशी ठेवावीत आणि थोडा वेळ जाऊ द्यावा.

झोपेची वेळ मात्र सैल सोडू नये. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास झोपेची शिफारस केली जाते. सुट्टीत झोपायची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकत जाते, मूल रात्री उशिरापर्यंत जागते आणि आईवडिलांचा दिवसातला शेवटचा मोकळा तासही जातो. वेळ अर्ध्या-पाऊण तासाने पुढे गेली तर चालेल, त्याहून अधिक नको. शाळा सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात ती रोज दहा-पंधरा मिनिटांनी मागे आणत पूर्ववत करावी.

सातवी पायरी: परतण्याचा दिवस

सहलीहून रात्री परतून दुसऱ्या सकाळी कामावर हजर होण्याचा बेत कितीही सोयीचा वाटला, तरी तो करू नये. रजेचा शेवटचा एक दिवस घरी, कसलाही कार्यक्रम न ठरवता ठेवावा. विश्रांतीचा परिणाम कामावर परतल्यानंतर काही आठवड्यांत ओसरतो, असे या विषयावरच्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे. म्हणून सुट्टीत बसवलेले गुरुवारचे दोन तास सुट्टी संपली तरी चालू ठेवावेत. तेवढ्यासाठी वेगळी रजा लागत नाही.

त्या शेवटच्या दिवशी भिंतीवरचा कागद काढून फेकून देऊ नये. दोघांनी बसून त्यावर लाल पेनाने खुणा कराव्यात: कोणता दिवस मोडला, कोणत्या घरी मूल खरेच रमले, कोणता होकार द्यायला नको होता, हातचे दोन दिवस कशावर गेले. मग कागदाच्या पाठीमागे पुढच्या सुट्टीची तारीख, शिबिराची नोंदणी सुरू होण्याची तारीख आणि रजेचा अर्ज देण्याची शेवटची तारीख लिहावी, आणि तो घडी करून मुलाच्या शाळेच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवावा.